स्वस्त विद्युत्-गिटारीची सुधारणा : ध्वनिविचाराच्या दृष्टीने एक विवेचन

१. विषयाचे स्वरूप

ध्वनिविचाराचा अभ्यास करू लागलेल्या विद्यार्थ्याला आरंभीच एक भेद समजावून घ्यावा लागतो. कंठातील स्वरतंतूंच्या कंपनाने जो नाद निर्माण होतो तो एक. आणि घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्यांतून बाहेर पडताना त्या नादाला जे रूप प्राप्त होते ते दुसरे. पहिल्यास उगम म्हणावे, दुसऱ्यास गाळणी. गुन्नार फांट या स्वीडिश अभ्यासकाने १९६० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विचारास पक्के गणिती अधिष्ठान दिले, आणि तेव्हापासून तो ध्वनिविचाराच्या पाठ्यक्रमाचा पायाच होऊन बसला आहे. 'आ' आणि 'ई' हे दोन स्वर एकाच पट्टीत, एकाच जोराने म्हटले तरी कानाला वेगळे लागतात. याचे कारण उगमात नाही. जिभेच्या व जबड्याच्या हालचालीने बदललेल्या गाळणीत आहे.

विद्युत्-गिटार हे वाद्य म्हणजे या सिद्धान्ताचे उघडे करून ठेवलेले प्रात्यक्षिकच होय. तिच्यात तार हा उगम. तारेखालचे चुंबक, त्याभोवतीचे तांब्याचे वेटोळे, आवाज कमीअधिक करणाऱ्या कळा आणि ध्वनिवर्धकापर्यंत जाणारी केबल ही सर्व मिळून गाळणी. मनुष्याचे मुख उघडून त्यातील एखादा भाग बदलून पाहता येत नाही. गिटारीत ते काम चार स्क्रू सैल करून होते, आणि कमी किमतीच्या गिटारीत ते निर्धास्तपणे करता येते. अशी गिटार सुधारावयाची झाल्यास तिच्यात काय बदलावे, कोणत्या क्रमाने बदलावे आणि त्या क्रमामागील कारण कोणते, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

प्रश्न केवळ कारागिरीचा नाही. बेताच्या उत्पन्नाचा विद्यार्थी साठवलेल्या पैशांतून स्वस्त गिटार घेतो. महिन्याभरात त्याच्या ध्यानात येते की, मोकळ्या तारा सुरात असूनही बोट ठेवताच स्वर चढतो, तारा दाबताना बोटे दुखतात, आणि ध्वनिवर्धक लावताच एक अखंड गुणगुण सुरू होते. यावर बाजाराचे उत्तर ठरलेले असते : नामांकित कंपनीचे भाग आणून बसवा. कित्येकदा त्या भागांची किंमत मूळ वाद्याहून अधिक होते, आणि दोष मात्र होता तेथेच राहतो, कारण तो त्या भागांत नव्हताच. कार्य आणि कारण यांची ही चुकीची सांगड पैसे तर घालवतेच. शिवाय आपला कान किंवा हातच अपुरा आहे असा समज शिकणाऱ्याच्या मनात रुजवते. ही दुसरी हानी पहिलीपेक्षा मोठी आहे.

२. हे वाद्य बदलता येते याचे कारण

सतार किंवा व्हायोलिन सोडवून तिचे भाग बदलावेत असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. विद्युत्-गिटारीबाबत ते येते, याचे कारण तिच्या जन्मकथेत आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात फुलर्टन येथे लिओ फेंडर यांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. ते स्वतः गिटारवादक नव्हते. बिघडलेला भाग काढावा आणि नवा बसवावा ही दुरुस्तीवाल्याची दृष्टी त्यांनी वाद्यरचनेत आणली. १९५० च्या सुमारास त्यांनी बाजारात आणलेल्या भरीव लाकडी गिटारीची मान धडाला सरसाने चिकटवलेली नसून स्क्रूंनी आवळलेली होती. १९५४ मध्ये आलेल्या 'स्ट्रॅटोकास्टर' या नमुन्यातही तीच पद्धत राहिली. त्यात तीन पिकप, म्हणजे तारेचे कंपन टिपणारी तीन चुंबकीय वेटोळी, एका प्लास्टिकच्या पट्टीवर बसवलेली होती. ती पट्टी उचलली की वाद्याची सर्व विद्युत्-रचना हातात येते. आज जगभर विकल्या जाणाऱ्या स्वस्त गिटारींपैकी पुष्कळशा याच नमुन्याच्या अनुकृती आहेत. खुद्द फेंडर कंपनीनेही १९८२ पासून 'स्क्वायर' या नावाने आपल्या नमुन्यांच्या कमी किमतीच्या आवृत्त्या काढल्या आहेत.

भाषेच्या अभ्यासकास परिचित वाटावी अशी एक घटना या वाद्याच्या इतिहासात घडली आहे. मूळ स्ट्रॅटोकास्टरमध्ये पिकप निवडण्याच्या कळीला तीनच जागा होत्या. एका वेळी एकच पिकप चालावा अशी योजना होती. वादकांना आढळले की, ती कळ दोन जागांच्या मधोमध अडकवून ठेवली तर दोन पिकप एकत्र वाजतात आणि काहीसा पोकळ, नाकातला असा मधुर आवाज निघतो. रचनाकाराला अभिप्रेत नसलेला हा वापर रूढ झाला, आणि अखेर १९७७ मध्ये कंपनीने पाच जागांची कळ बसवून त्यास मान्यता दिली. वापर आधी आणि व्याकरण मागाहून, हा भाषेचा क्रम येथेही दिसून येतो.

याहून धीट उदाहरण एडी व्हॅन हॅलेन या वादकाचे. गिब्सन कंपनीच्या गिटारीचा भरदार आवाज आणि फेंडरच्या गिटारीची तार डोलवणारी दांडी ही दोन्ही एकाच वाद्यात त्यास हवी होती. तसे वाद्य मिळेना, तेव्हा त्याने पन्नास डॉलरचे सदोष म्हणून स्वस्तात निघालेले धड आणि ऐंशी डॉलरची मान आणून ती जोडली, एका जुन्या गिब्सन गिटारीतील पिकप तीत बसवला आणि कळांपैकी आवाजाची तेवढी एकच ठेवली. १९७८ साली निघालेल्या त्याच्या वाद्यवृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर याच वाद्याचा ठसा आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, त्याने महाग भाग गोळा केले नाहीत. कोणता गुण कोणत्या भागातून येतो हे ओळखून तेवढेच भाग घेतले आणि उरलेले काढून टाकले.

३. प्रथम स्वर, मग नाद

वाद्याच्या आवाजाविषयी दोन वेगळे प्रश्न विचारता येतात. स्वर खरा लागतो काय, हा पहिला. आणि लागलेल्या स्वराचा नाद कसा आहे, हा दुसरा. पहिल्याचा संबंध तारेच्या लांबीशी, ताणाशी व उंचीशी आहे. दुसऱ्याचा मुख्यतः गाळणीशी. स्वस्त गिटारीतील बहुतेक तक्रारी पहिल्या वर्गातील असतात आणि बहुतेक खर्च दुसऱ्यावर केला जातो.

स्ट्रॅटोकास्टर नमुन्याच्या गिटारीत मोकळ्या तारेची लांबी ६४८ मिलिमीटर असते. सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या पाश्चात्त्य पद्धतीनुसार प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीचा सुमारे १७.८ वा हिस्सा कापतो. त्यामुळे पहिला पडदा टोकापासून सुमारे ३६.४ मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, म्हणजे ३२४ मिलिमीटरवर. पडद्यांची ही मांडणी आज संगणकनियंत्रित यंत्रे करतात. म्हणून स्वस्त वाद्यातही ती सहसा बिनचूक असते. चूक होते ती हाताने करावयाच्या अखेरच्या जुळवणीत, कारण वेळ म्हणजे मजुरी, आणि किंमत कमी ठेवावयाची तर पहिली काटछाट तेथेच होते.

या जुळवणीची चार अंगे आहेत. पहिले, मानेचा बाक. नेहमीच्या बारीक तारांच्या संचाचा एकत्रित ताण सुमारे ३८ किलो वजनाइतका असतो आणि तो मानेला पुढे वाकवतो. मानेच्या आत बसवलेली पोलादी सळई हा ताण तोलून धरते. पहिला आणि शेवटचा पडदा एकाच वेळी दाबून धरला असता सातव्या-आठव्या पडद्यापाशी तारेखाली सुमारे पाव मिलिमीटर फट दिसावी. फट अधिक असल्यास सळई किंचित आवळावी, मुळीच नसल्यास सैल करावी. मात्र एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही.

दुसरे अंग तारेची उंची. बाराव्या पडद्यावर सुमारे दीड ते पावणेदोन मिलिमीटर ही सर्वसाधारण मर्यादा. तार उंच असेल तर ती दाबताना अधिक ताणली जाते आणि स्वर चढतो. फार खाली असेल तर पडद्यांवर घासून खरखरते. तिसरे अंग मानेच्या टोकाची खाचांची पट्टी. तिला कारागीर 'नट' म्हणतात. कारखान्यातून ही पट्टी बहुधा उथळ खाचांची येते, म्हणजे तार तेथे गरजेपेक्षा उंच राहते. परिणामी पहिल्या दोन-तीन पडद्यांवरचे स्वर चढे लागतात, आणि नवशिका नेमका तेथेच सर्वाधिक वाजवतो. खाच अरुंद असेल तर तार तीत अडकते व वाद्य वरचेवर बेसूर होते. दोष मात्र खुंट्यांवर येतो आणि निष्कारण नव्या खुंट्या विकत घेतल्या जातात. बारीक कानस आणि पेन्सिलीच्या शिशाची पूड एवढ्यावर हा दोष पुष्कळदा जातो.

चौथे अंग घोडीवरील प्रत्येक तारेची स्वतंत्र लांबी. तार दाबल्याने ताण वाढतो आणि जाड तार आपल्या ताठरपणामुळेही स्वर चढवते. त्याची भरपाई म्हणून प्रत्येक तारेचा आधार मागेपुढे करण्याची सोय असते. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून काढलेला अंशस्वर आणि तीच तार तेथे दाबून काढलेला स्वर हे दोन्ही एक यावेत. दाबलेला स्वर चढा असेल तर आधार मागे न्यावा, उतरता असेल तर पुढे आणावा. नव्या तारा बसवल्यावरच हे काम करावे. जुन्या, मळलेल्या तारेचा भार सर्वत्र सारखा नसल्याने तिच्यावर केलेली जुळवणी टिकत नाही.

या चारही गोष्टींना नवा भाग लागत नाही. महाराष्ट्रातील संगीतरसिकास हा विचार नवा वाटू नये. मिरजेच्या तंतुवाद्यकारांची कीर्ती केवळ भोपळ्यावर आणि लाकडावर उभी नाही. घोडीचा माथा कानशीने हलकेच घासून तारेचा तिच्याशी होणारा स्पर्श नेमका करणे, म्हणजेच जवारी काढणे, या कौशल्यावर ती उभी आहे. उत्तम लाकडाचा तंबोरा जवारी बिघडली की मुका होतो, आणि साधा तंबोरा जवारी लागली की बोलू लागतो. वादनाने घोडी झिजते, म्हणून हे काम पुनःपुन्हा करावे लागते. गिटारीच्या नटची खाच आणि तंबोऱ्याची घोडी यांचे कार्य भिन्न असले, तरी वाद्य पुरे होते ते जुळवणीने, हे तत्त्व दोहोंस समान आहे.

लाकूड आणि हवामान यांचा संबंधही येथेच पाहणे युक्त. दमट हवेत लाकूड फुगते आणि कोरड्या हवेत आडव्या अंगाने आकसते; धातूचे पडदे मात्र तेवढेच राहतात. म्हणून कोकणच्या पावसाळ्यात नीट असलेली मान विदर्भाच्या उन्हाळ्यात नेली की पडद्यांची टोके कडेने बोटांना टोचू लागतात. हा दोष वाद्याचा नव्हे, ऋतूचा होय. टोके कानशीने गोल केली की तो नाहीसा होतो. मानेच्या दर्शनी पट्टीसाठी पूर्वी शिसवाचा वापर सर्रास होई. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवाच्या संपूर्ण प्रजातीवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, आणि तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस सूट मिळेपर्यंत अनेक कारखान्यांनी पर्याय शोधले. त्यांपैकी 'इंडियन लॉरेल' या इंग्रजी नावाने विकले जाणारे लाकूड म्हणजे सह्याद्रीच्या रानातला ऐन होय. परदेशी नावामुळे ते अपरिचित वाटते इतकेच.

४. गाळणीचे कार्य

स्वर खरा लागू लागल्यावर नादाचा विचार करावा. चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार हलली की भोवतीच्या वेटोळ्यात विद्युत्-प्रवाह निर्माण होतो. हे तत्त्व फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले होते. पिकप लाकडाचा आवाज ऐकत नाही, तारेची हालचाल टिपतो. धड आणि मान यांचा परिणाम होतो, परंतु तो अप्रत्यक्ष. त्यांच्या कंपनात तारेची काही शक्ती खर्च होते आणि एखाद्या पडद्यावर स्वर लवकर विरतो. नादाच्या मोठ्या फरकांचे कारण अन्यत्र शोधावे लागते.

पहिले कारण पिकपची जागा. ताणलेली तार एकाच वेळी संपूर्ण, दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत अशी कंपन पावते आणि या प्रत्येक कंपनाचा एकेक अंशस्वर होतो. ज्या बिंदूवर एखाद्या अंशस्वराची तार स्थिर असते त्या बिंदूखालच्या पिकपला तो अंशस्वर ऐकू येत नाही. स्ट्रॅटोकास्टरचा मानेजवळचा पिकप मोकळ्या तारेच्या चौथ्या हिश्शाजवळ, म्हणजे घोडीपासून सुमारे १६२ मिलिमीटरवर असतो. म्हणून मोकळ्या तारेचा चौथा अंशस्वर त्यात जवळजवळ येत नाही आणि आवाज गोल, भरलेला वाटतो. घोडीजवळच्या पिकपमध्ये उच्च अंशस्वर टिकून राहतात आणि आवाज धारदार होतो.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण अनुनाद. पिकपच्या वेटोळ्यात केसाहूनही बारीक तारेचे हजारो वेढे असतात. या वेटोळ्याचे प्रवर्तकत्व आणि केबलची धारकता यांच्या संयोगाने एक ठरावीक कंपनसंख्या उचलून धरली जाते. तिच्या वरची कंपने झपाट्याने क्षीण होतात. ध्वनिविचारात ज्याला फॉर्मंट म्हणतात त्याचेच हे विद्युत्-रूप. नेहमीच्या एकवेटोळी पिकपचे प्रवर्तकत्व सुमारे २.४ हेन्री धरावे. केबलची धारकता मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते. पाच मीटर केबलची ५०० आणि वेटोळ्याची स्वतःची १०० धरल्यास एकूण ६०० पिकोफॅरड होते. या आकड्यांवरून अनुनादाचे शिखर दर सेकंदास सुमारे ४,२०० कंपनांवर येते. आता पिकप तोच ठेवून केबल तेवढी दहा मीटरची लावावी. धारकता १,१०० पिकोफॅरड होते आणि शिखर सुमारे ३,१०० वर उतरते. ४.५ हेन्री प्रवर्तकत्वाचा, दोन वेटोळ्यांचा भारी पिकप पाच मीटर केबलीवर जेथे शिखर देतो, जवळपास तेच हे स्थान. म्हणजे ज्या फरकासाठी नवा पिकप विकत घेतला जातो, त्याचा मोठा वाटा निव्वळ केबलची लांबी बदलून ऐकता येतो.

शिखर कोठे येईल हे प्रवर्तकत्व व धारकता यांवरून ठरते. ते किती उंच उठेल हे रोधावर अवलंबून असते. आवाजाच्या आणि नादाच्या कळांखाली जे फिरते रोधक असतात ते एकवेटोळी पिकपसाठी बहुधा २५० किलोओहमचे आणि दोन वेटोळ्यांच्या पिकपसाठी ५०० किलोओहमचे वापरतात. रोध कमी केला की शिखर चेपते व आवाज मवाळ होतो. वाढवला की ते उठते व आवाज उजळ होतो. नादाची कळ पूर्ण उतरवली असता तिला जोडलेला कपॅसिटर कामास लागतो. तो ०.०२२ मायक्रोफॅरडचा असेल तर शिखर सुमारे ७०० कंपनांवर येते, ०.०४७ चा असेल तर ४७५ च्या आसपास. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे सुटे रोधक व कपॅसिटर अल्प किमतीत मिळतात. एकाच गिटारीत दोन-तीन वेगवेगळे कपॅसिटर लावून पाहणे हा ध्वनिविचाराच्या विद्यार्थ्यास गाळणीचा सिद्धान्त शिकवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणावा लागेल.

वाणी आणि वाद्य यांतील भेदही विसरता कामा नये. बोलताना फॉर्मंट क्षणोक्षणी सरकतात आणि एकाच वेळी अनेक असतात. गिटारीच्या मंडलातील शिखर एकच, आणि कळ फिरवीपर्यंत स्थिर. ही उणीव भरून काढणारे एक पायकळीचे उपकरण १९६७ च्या सुमारास प्रचारात आले. ते पायाने दाबले की अनुनादाचे शिखर खालीवर सरकते आणि गिटार जणू 'वाऽ वाऽ' म्हणते. त्याचे इंग्रजी नावही या ध्वनीवरूनच पडले. स्वर ओळखण्यास शिखराची हालचालच कारण होते, याचा याहून सोपा पुरावा मिळणे कठीण.

५. गुणगुण आणि तिचे दोन प्रकार

विद्युत्-गिटारीतील नको असलेल्या आवाजाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे उपाय भिन्न आहेत. पहिला, विजेच्या पुरवठ्याच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी खर्जातील गुणगुण. भारतात ती दर सेकंदास ५० कंपनांवर व तिच्या पटींवर आधारलेली असते, अमेरिकेत ६० वर. वेटोळे हे चुंबकीय क्षेत्र टिपण्यासाठीच असल्यामुळे ते हेही क्षेत्र टिपते. यावर गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन वेटोळ्यांचा उपाय योजला : वेढे परस्परविरुद्ध, चुंबकाची टोकेही परस्परविरुद्ध. तारेपासून आलेले संकेत त्यात मिळतात, बाहेरून आलेली गुणगुण एकमेकींस खोडते. हाच उपाय एकवेटोळी गिटारीत मधला पिकप उलटा गुंडाळून करता येतो. मग दोन पिकप एकत्र वाजताना गुणगुण नाहीशी होते.

दुसरा प्रकार, विद्युत्-क्षेत्रातून येणारी चरचर. ही तारांना हात लावताच कमी होते, यावरून ओळखता येते. गिटारीच्या पोकळीस तांब्याचे पत्रे चिकटवून ते भू-तारेस जोडले की ही चरचर बरीच शमते. मात्र तांब्याच्या पातळ पत्र्याने पहिल्या प्रकारची गुणगुण जात नाही. हा भेद ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांचे श्रम वाया जातात. येथे एक इशारा देणे अवश्य आहे : साध्या गिटारीतील मंडलाला वीजपुरवठा नसल्यामुळे केबल काढून डाग देणे निर्धोक असते, ध्वनिवर्धकाची पेटी मात्र उघडू नये. विशेषतः जुन्या निर्वात नळ्यांच्या ध्वनिवर्धकात वीज बंद केल्यावरही प्राणघातक दाब शिल्लक राहू शकतो.

६. नावांनी होणारी दिशाभूल

या क्षेत्रातील परिभाषा हा भाषाभ्यासकाचा खास विषय. लिओ फेंडर यांनी तार डोलवून स्वर खालीवर करणाऱ्या दांडीस 'ट्रेमोलो' म्हटले. १९५६ साली मिळालेल्या त्यांच्या एकस्वातही हेच नाव आहे. संगीतशास्त्रात ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या जोराचा कंप, आणि स्वराच्या कंपास व्हिब्राटो म्हणतात. त्याच कंपनीने आपल्या ध्वनिवर्धकांत आवाजाचा जोर हलवणाऱ्या कळीवर मात्र 'व्हिब्राटो' असे छापले. दोन्ही नावे उलटसुलट झाली आणि तशीच रूढ झाली. रूढीपुढे व्युत्पत्तीचे काही चालत नाही. 'इंटोनेशन' हा शब्दही असाच फसवा : भाषाविज्ञानात तो वाक्याच्या सुरावलीसाठी वापरतात, गिटारीच्या कारागिराच्या तोंडी त्याचा अर्थ पडद्यांवर स्वर खरे लागणे असा होतो. मराठीत तर 'स्वर' हा एकच शब्द भाषेतील 'आ'साठी आणि संगीतातील षड्जासाठी चालतो.

परंतु खरी दिशाभूल विशेषणे करतात. पिकप 'गरम' आहे, 'गोड' आहे, 'जुन्या वळणाचा' आहे, असे म्हटले जाते. अशा विशेषणांना मोजता येणारा अर्थ क्वचितच असतो. त्यांऐवजी प्रवर्तकत्व किती, शिखर कोठे, रोध किती असे विचारले असता उत्तर मिळते आणि ते ताडून पाहता येते. स्वस्त पिकपमध्ये बहुधा पोलादी खिळे व त्यांखाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते, महागात चुंबकाचेच खिळे असतात. पोलादामुळे प्रवर्तकत्व वाढते व शिखर खाली येते. 'स्वस्त' व 'महाग' या शब्दांमागील ऐकू येणारा फरक पुष्कळ अंशी एवढाच आहे.

७. एका वेळी एक बदल

'काळ' आणि 'गाळ' या शब्दांत एकाच ध्वनीचा फरक आहे, बाकी सर्व समान. म्हणून त्या जोडीवरून क् व ग् हे मराठीतील स्वतंत्र वर्ण ठरवता येतात. 'काळ' आणि 'गार' या जोडीवरून तसा निष्कर्ष काढता येत नाही, कारण दोन गोष्टी बदलल्या. लघुतम जोडीचा हा नियम गिटारीस जसाच्या तसा लागू पडतो. पिकप, रोधक, कपॅसिटर आणि तारा हे सर्व एकाच दिवशी बदलून 'आवाज सुधारला' असे म्हणणाऱ्याने काही सिद्ध केले असे होत नाही. सुधारणेचे श्रेय बहुधा सर्वांत महाग भागाला दिले जाते, ते असते मात्र अनेकदा नव्या तारांचे.

तुलना करताना आणखी दोन पथ्ये पाळावीत. पहिले, दोन्ही वेळी आवाजाची पातळी समान ठेवावी. किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो ही श्रवणाची सर्वपरिचित दुर्बलता आहे. पिकप तारेच्या जवळ नेला की आवाज मोठा होतो, आणि जवळीक हीच सुधारणा वाटते. वास्तविक फार जवळचे चुंबक तारेस ओढून धरते व खर्जाच्या तारांवर स्वर डळमळतो. शेवटचा पडदा दाबून दोन ते अडीच मिलिमीटर अंतर राखणे इष्ट. दुसरे, शक्य तेथे ध्वनिमुद्रण करून, कोणते मुद्रण कोणत्या भागाचे हे न जाणता ऐकावे. ध्वनिविचाराच्या प्रयोगशाळेत श्रोत्यास उत्तर आधी सांगत नाहीत, त्यामागील कारण हेच.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून सुधारणेचा क्रम आपोआप निघतो. आरंभी नव्या तारा, मानेचा बाक, तारांची उंची व घोडीवरील लांब्या. त्यानंतर नटच्या खाचा आणि पडद्यांची टोके. या पायऱ्यांना श्रम लागतात, पैसा नाममात्र. मग पिकपची उंची, केबल, कपॅसिटर व रोधक. त्यांस थोडा पैसा आणि डाग देण्याचा सराव लागतो. गुणगुणीचा त्रास असेल तर तिचा प्रकार ओळखून उपाय. एवढे झाल्यावरही हवे असलेले शिखर मिळत नसेल तरच नवा पिकप, आणि तोही नावावरून नव्हे, आकड्यांवरून निवडलेला. घोडी व खुंट्या अगदी अखेरीस, त्या खरोखर झिजल्या किंवा निसटत असतील तर. पुष्कळांच्या बाबतीत ही यादी निम्म्यावरच संपेल, आणि जी गिटार विकून टाकावयाची ठरली होती तीच सुरात बोलू लागेल.

या क्रमाचा आधार काटकसर हा नाही. कारणांच्या साखळीत जे आधी येते ते आधी तपासावे, एवढाच त्याचा अर्थ. जो विद्यार्थी आपल्या स्वस्त वाद्याचा एकेक दोष अशा रीतीने त्याच्या कारणापर्यंत नेऊन पोहोचवील, त्याला उगम आणि गाळणी यांचा भेद पुस्तकात पुन्हा वाचावा लागणार नाही. तो भेद त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेला असेल.